तेरवी झालेला माणूस

ती सकाळ मला अजूनही जशीच्या तशी आठवते. ठाण्यात हजेरी आटोपली होती, बंदोबस्ताची वाटणी झाली होती आणि मी ठाणे दैनंदिनी वाचत बसलो होतो. तेवढ्यात एक ट्रॅक्टर ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. आत येईना, बाहेरही जाईना.

गोंदिया जिल्ह्यात, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. निवृत्त होऊन आता काही काळ लोटला आहे. या हकिकतीतल्या कोणाचेही नाव किंवा गाव मी देणार नाही. त्यातली माणसे आजही तिथेच राहतात.

माझे बीट हवालदार गोंदिया शहरातले. बोलणे अर्धे हिंदी, आवाज पूर्ण लष्करी. त्यांनी ड्रायव्हरला आत ओढलेच.

"क्या हुआ? गुन्हा सांगायला आला का?"

"गुन्हा नाई जी. पण सांगाले पायजे मनून आलो."

"गुन्हा नाही तर ठाण्यात कायले आला? चाय पिने?"

"चहाचंच आहे जी," तो म्हणाला. "ज्याची तेरवी जेवलो, त्याच्या हातचा चहा पिऊन आलो."

हवालदार हसायला लागले. मी हसलो नाही. चेष्टा करायला माणूस ठाण्यापर्यंत येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याला बसवले, पाणी दिले आणि पहिल्यापासून सांगायला लावले. तो धान घेऊन सडक अर्जुनीजवळच्या एका राईस मिलवर गेला होता. परतताना महामार्गावरच्या एका ढाब्यावर थांबला. चहा घेऊन आला तो त्याच्याच गावचा माणूस. सात-आठ वर्षांपूर्वी कामाला म्हणून घरून निघालेला, पुन्हा न परतलेला. मागच्या उन्हाळ्यात गावाने त्याची मयत केली होती, तेरवी घातली होती, आणि हा ड्रायव्हर पंगतीला होता.

"त्यानं मले ओळखलं जी. कप ठेवला आन् आतमंदी गेला, तं बाहेरच नाई आला. मी पैसे टेबलावर ठेवून पळालो."

"भूत होता क्या?" हवालदारांनी विचारले.

"भुताले दाढी वाढते का जी?"

जिवंत माणूस मेलेला दाखवला जातो तेव्हा पोलिसाने काही गोष्टी ओळीने तपासायच्या असतात. त्याच्यावर कुठे गुन्हा किंवा वॉरंट आहे का? विमा आहे का? जमिनीचा फेरफार झाला आहे का? आणि त्याच्या मरणाने कोणाला काय मिळणार आहे? दुपारपर्यंत पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे "नाही" अशी आली. चौथ्याचे उत्तर मिळाले. ग्रामपंचायतीत त्याच्या मृत्यूची रीतसर नोंद होती, कारण "आजार". त्या दाखल्यावर त्याच्या बायकोने निराधार योजनेसाठी विधवा म्हणून अर्ज केला होता. अर्ज तहसीलमध्ये पोचला होता आणि समितीपुढे जायचा होता.

"सीधी बात है साहेब," हवालदार म्हणाले. "बाईनं कागद बनवला. उचलू का?"

"उचलायची घाई नाही," मी म्हणालो. "आधी गावाचं ऐकू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. मोटारसायकलचा आवाज ऐकूनच पोलीस पाटील धोतर सावरत आले. वयस्कर, सरळ माणूस. त्यांना विचारले, "अमक्याची मयत झाली होती का?"

"झाली ना जी. मीच होतो पुढं."

किराणा दुकानदाराला विचारले. तोही मयतीला होता. शेजारणीला विचारले. तिने तर पंगतीत काय होते तेही सांगितले: भात, वरण, वांग्याची भाजी. सगळ्यांचा दिवस जुळत होता, जेवण जुळत होते. कोणी डोळे चुकवत नव्हते. मग मी विचारले, "तो कशाने गेला?" आणि सगळे गाव बांधावरच्या झाडांकडे बघायला लागले.

"देवालेच माहीत जी."

"दवाखान्यात नेलं होतं का?"

"दवाखान्यात कोनाले नेता जी?" दुकानदार म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

पढवलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना मरणाचे कारण आधी पाठ असते, जेवणाची भाजी आठवत नाही. इथे उलटे होते. ही माणसे पाहिलेलेच सांगत होती, पण त्यातले काहीतरी माझ्या प्रश्नांत येतच नव्हते. म्हणून मी खांदेकरी कोण होते ते विचारले आणि एकेकाला वेगळे बसवले. त्यातला दुसरा खांदेकरी, एक म्हातारा, बांबू फोडत बसला होता.

"खांदा तुम्ही दिला?"

"देला ना जी."

"तिरडी जड होती का?"

म्हातारा खळखळून हसला. "जड कायची जी? पळसाची पानं कितीक जड राहते?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या पोलीस पाटलांनी डोळे मिटले.

जुनी रीत आहे. घरचा माणूस वर्षानुवर्षे परतला नाही, निरोप नाही, प्रेत नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच तिरडीवर घालायचे आणि अग्नी द्यायचा. मग दहावा, तेरवी, सगळे. नाहीतर त्याचा जीव वाटेत अडकून राहतो, असे मानतात. या घरात म्हातारी सासू आजारी पडली तेव्हा तिनेच हट्ट धरला होता, की मरताना मला पोराची वाट पाहायची नाही, त्याला आधी वाटेला लावा. गावाने लावले. गावाच्या लेखी तो त्या दिवशी मेला. ग्रामसेवकाकडे चार-पाच गावे. तो त्याच्या ठरल्या वारी आला, अग्नी कधी दिला ते विचारले, लोकांनी खरा दिवस सांगितला. कारणाच्या रकान्यात त्याने सवयीने "आजार" लिहिले.

"साहेब, मी खोटं नाई बोललो," पाटील म्हणाले. "सरकारात आमचा पुतळा चालत नाई, हे आमाले कोनं सांगतलं?"

पुतळ्याचे समजले, तरी बाईचा प्रश्न राहिलाच. गावाची समजूत प्रामाणिक असेल, पण तिला नवरा जिवंत असल्याचे माहीत होते का? माहीत असून अर्ज केला असेल तर तो गुन्हा होता. माहीत नसेल तर नव्हता.

तिचा जबाब तिच्याच घरी, महिला शिपायासमोर घेतला. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी करणारी, मुलगी आश्रमशाळेत. सासू चुलीपाशी बसून होती. ढाब्याचे मी मुद्दाम सांगितले नाही. खात्री झाल्याशिवाय असली बातमी कोणाच्या घरात टाकू नये.

"नवरा बेपत्ता झाला तेव्हा ठाण्यात का नाही आलात?"

"बेपत्ता कोठी झाल्ता जी? सांगून गेल्ता. दिवाळीले येतो मनून."

"तो जिवंत असेल असं वाटायचं?"

"पयले वाटे. मंग वाटणं सोडलं. वाटून धान होते का जी?"

"मग विधवा आहे असं तुम्ही सांगितलंत?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "मी त्याले मेला मनलं नाई, साहेब. गावानं बांगड्या फोडल्या, मी हात समोर केला. बचत गटातल्या बाया मनल्या, विधवेले पेन्शन भेटते. त्याईनं फॉर्म भरून देला. मी आंगठा देला."

महिला शिपाई बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, ही खरं बोलते." मलाही तसेच वाटले, पण तेवढ्यावर अहवाल लिहिता येत नाही. ढाबा गाठणे भाग होते.

हवालदारांना घेऊन साध्या कपड्यांत देवरीवरून महामार्गाला लागलो. ढाबा सापडायला वेळ लागला नाही. तो मागच्या बाजूला कणीक मळत होता. आम्हाला पाहून हात कणकेतच राहिले.

"मी चोरी नाई केली साहेब."

"चोरी नाही," मी म्हणालो. "तू मेला आहेस."

"कोनं मारलं?"

"तुझ्या आईनं. पळसाच्या पानांचा पुतळा करून."

तो खाली बसला. मग विचारले, "बुढी जिती आहे?"

"आहे."

आतून एक बाई डोकावली, कडेवर मूल. मला काही विचारायची गरज उरली नाही. त्याने स्वतःच सांगितले. ट्रकवर क्लीनर म्हणून फिरताना इथे थांबला, राहिला, संसार झाला. गावी तोंड दाखवायची हिंमत नव्हती. "आता मेलोच मनता तं बरंच झालं जी. इकडं लेकरं आहेत."

"उधर भी एक है, भूल गया क्या?" हवालदार म्हणाले. त्यांचा लष्करी आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

त्याचा सविस्तर जबाब घेतला. तो जिवंत आहे, इतकी वर्षे घरी गेला नाही, बायकोला एकही निरोप दिला नाही, तिला तो कुठे आहे हे कळायचा मार्ग नव्हता, आणि परत नांदायला जायची त्याची तयारी नाही. ओळखीचे कागद जोडले, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. माझ्या दृष्टीने चौकशी पूर्ण झाली होती. बाईचा लबाडीचा हेतू नव्हता. मृत्यूची नोंद चुकीची होती आणि ती रद्द व्हायला हवी होती. अर्जही निकालात निघणार होता.

तो थांबवायला सांगण्यासाठी मी तहसीलमध्ये गेलो. निराधार योजनेचे काम पाहणाऱ्या नायब तहसीलदार मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि अर्ज बाजूला काढला. "विधवा नाही म्हणजे अपात्र," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण इलाज नाही."

मी उठलो. टोपी डोक्यावर ठेवली. जाता जाता, केवळ चौकशी पुरी करायची सवय म्हणून, विचारले, "या योजनेत विधवेशिवाय कोणत्या बायका बसतात?"

त्या यांत्रिकपणे सांगायला लागल्या. घटस्फोटित, घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या, परित्यक्ता... आणि मध्येच थांबल्या.

"परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं सोडलेली?" मी विचारले.

"हो. तलाठी आणि ग्रामसेवकाची स्थानिक चौकशी लागते. नवरा जिवंत आहे आणि नांदवत नाही, याचा पुरावा असला तर उत्तमच. पण तो कुठे मिळतो, साहेब? असले नवरे जबाब द्यायला येतात का?"

मी टोपी काढली आणि पुन्हा बसलो. ज्या जबाबाने तिचा अर्ज बुडाला होता, तोच जबाब नव्या अर्जाला सगळ्यांत मोठा आधार होता. तो माझ्या बॅगेतच होता.

मला वाटले, आता फक्त चांगली बातमी द्यायची आहे. पण घरी जाऊन सांगितले तेव्हा ती बाई रडली नाही, हसली नाही. सरळ म्हणाली, "तसं लिवू नका जी. विधवाच राहू द्या."

"नवरा जिवंत आहे, बाई. विधवा राहता येणार नाही."

"साहेब, विधवा मनलं तं चार बाया जवळ येऊन बसते. टाकलेली मनलं तं त्याच बाया पुसते, काऊन टाकलं? तिच्यात काय होतं, हिच्यात काय नवतं." थोडे थांबून ती म्हणाली, "आन् बांगड्या घालू का नको, ते तुमच्या कायद्यात आहे का?"

"कायद्यात नाही. त्याला पोलीस लागत नाहीत."

माझ्याकडे गोड बोलायला वेळ नव्हता आणि मी गोड बोललोही नाही. जुना अर्ज रद्द होणार, नोंद रद्द होणार, हे गावाला कळणारच. नवीन अर्ज करायचा तर पंचांसमोर उघड बोलावे लागेल. नाही केला तर हातात काहीच राहणार नाही. पोटगी मागता येईल, दुसऱ्या लग्नाबद्दल तक्रारही करता येईल, हेही सांगितले. तक्रारीचे नाव काढताच तिने मान हलवली. "तेथं लेकरं आहेत ना जी," एवढेच म्हणाली.

मी निघालो तेव्हा म्हातारीने विचारले, "रोड झाला का वो तो?"

"नाही आजी. धडधाकट आहे."

"असन," ती म्हणाली. "असन धडधाकट." आणि चुलीत फुंकर घालू लागली.

स्थानिक चौकशीचा दिवस ठरला. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि पंच ग्रामपंचायतीपुढच्या आंब्याखाली बसले. मृत्यूची नोंद रद्द करण्याची चौकशीही त्याच वेळी असल्यामुळे मी हजर होतो. ट्रॅक्टर ड्रायव्हरने गावभर आधीच सांगून ठेवले असल्यामुळे गर्दी झाली होती. बाई आली, पण खाली बघून उभी राहिली. तलाठ्याने नियमाप्रमाणे विचारले, "तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला सोडलं आहे का?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. मागून कोणीतरी बाई हसली. एक तरुण बोललाच, "मेलेल्यानं सोडलं का जी, जित्यानं?" दोघे-तिघे खिदळले.

तलाठ्याने माझ्याकडे पाहिले. बाई बोलली नाही तर चौकशीत "काही सांगितले नाही" असेच लिहावे लागणार होते. आणि तसे लिहिले की संपले.

तेव्हा गर्दीतून म्हातारी पुढे आली. काठी टेकत थेट टेबलापाशी.

"हसता कोनाले रे? तिले?" तिने त्या तरुणाकडे काठी केली. "तूनं खांदा देल्ता ना? मंग हास सोताले." मग तलाठ्याकडे वळली. "लिवा बाबू. टाकलेली मनू नका तिले. टाकलं त्यानं. तिलेही टाकलं, मलेही टाकलं. मी त्याची माय, मी जाळलं त्याले, मी सांगून राहिली. एवढी वर्सं माया घरात चूल कोनं पेटवली, तेही लिवा."

कोणी हसले नाही. पोलीस पाटील उठले आणि त्यांनी म्हातारीला स्वतःची खुर्ची दिली. ती बसली नाही. सुनेच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

तलाठ्याने पुन्हा विचारले. बाईने मान वर केली. "हाव जी. सोडलं त्यानं." आवाज स्पष्ट होता. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सह्या-अंगठे झाले, पाटलांनी आणि पंचांनी आपापले म्हणणे लिहून दिले. गर्दी पांगली. तलाठ्याने कागद पिशवीत भरले. तीन बाया मात्र गेल्या नव्हत्या. एकमेकींना कोपराने ढकलत उभ्या होत्या. शेवटी त्यातली एक पुढे झाली.

"बाबू, मायावाला नवरा हैदराबादले गेला, तो पाच वर्सं झाले आला नाई. मले कोनी मेला मनत नाई, कोनी जिता मनत नाई. मी कायात बसतो?"

तलाठी माझ्याकडे पाहून हसला आणि त्याने पिशवी पुन्हा उघडली.

मी वरिष्ठांना अहवाल दिला: मृत्यूची नोंद गैरसमजातून झालेली, फसवणुकीचा हेतू आढळून येत नाही. तो मान्य झाला. मृत्यूची नोंद रद्द झाली. बाईचा नवीन अर्ज काही महिन्यांनी मंजूर झाला. त्या तिघींपैकी दोघींची कामेही मार्गी लागली. तिसरीचा नवरा चौकशीच्या धाकानेच परतला. तो टिकला की नाही, मला माहीत नाही.

पोलिसाची नोकरी म्हणजे प्रश्न विचारण्याची नोकरी. एवढ्या वर्षांत मी आरोपींना हजारो प्रश्न विचारले असतील, पण या प्रकरणाने मला साध्या माणसाच्या प्रश्नाकडे बघायला शिकवले. आपल्याकडे लोक सरकारी कचेरीत जातात ते योजनेचे नाव घेऊन. शेजारणीला अमुक मिळाले, मला द्या. ते नाव आपल्याला लागू नसले की खिडकीतून "नाही" येते आणि माणूस घरी परततो. कर्मचाऱ्यालाही वेगळे काही सुचवायची सवय नसते, कारण विचारले गेले तेवढ्याचे उत्तर त्याने दिलेले असते. खरे तर नाव सांगायचेच नाही. आपले काय झाले आहे ते सांगायचे, आणि विचारायचे की माझ्यासारख्याला तुमच्याकडे काय आहे. आणि कोणी घरातून जाऊन परतला नाही, तर पळस तोडण्याआधी ठाण्यात यायचे. बेपत्ता नोंदीला पैसा लागत नाही. पुढे ती कुठे कामी येईल सांगता येत नाही.

माझ्या बदलीच्या आधी चिचगडच्या बाजारात ती बाई दिसली. तिने मला पाहिले नव्हते. एका तरुण मुलीला हाताला धरून ती तहसीलच्या गावी जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसवत होती. मुलगी घाबरलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

"पेन्शन पायजे मनू नोको," बाई तिला बजावत होती. "तुयं काय झालं, ते सांग. पयल्यापासून सांग. त्याईनं नाई मनलं तं उठू नोको. मंग काय आहे मनून पुस."

मुलीने मान हलवली. ड्रायव्हर निघायची घाई करत होता. बाई त्याला म्हणाली, "थांब गा जरा," आणि स्वतःही आत चढली.